टायमिंग बेल्टला हळदीकुंकू

शपथ घेऊन सांगते, शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर उद्यापासून माझा चहा बंद!

नव्याण्णव साल. केशवापुरातला श्रीवत्स, बँकेत कारकून. त्याचे सासरे बाळाचार्य यांची जुनी डिझेल गाडी त्याच्या अंगणात धूळ खात पडलेली. सासऱ्यांनी बजावलं, "दसऱ्याला केलगेरीला माझ्या दारी चालवत आण, गाडी तुझी. नाहीतर गुजरीवाल्याला भंगारात देतो."

मेकॅनिक म्हणाला, टायमिंग बेल्टला चिरा पडल्यात. म्हणजे इंजिनाचं वरचं चाक आणि खालचं चाक एका ठेक्यात फिरवणारा दातेरी रबरी पट्टा. श्रीवत्सनं त्याला वाटेला लावलं. सायकलची चेन बसवणाऱ्याला हे काय अवघड!

खंडेनवमीच्या सकाळी त्यानं काम काढलं. चाकांवर आणि त्यांच्यासमोर इंजिनावर आधी खुणा हव्यात. एका दात्याचा फरक पडला तरी इंजिनाची चटणी. रंग सापडेना. मग देवघरातलं कुंकू ओलं करून चार ठिपके दिले, जुना बेल्ट काढला, आणि स्वारी आत फराळाला गेली.

परत येऊन बघतो तर इंजिन नवरीसारखं नटलेलं. प्रत्येक दात्याला कुंकू, प्रत्येक बोल्टला कुंकू, वर झेंडूचा हार! कुंकू दिसलं म्हणजे आयुधपूजा सुरू झाली, असं समजून बायकोनं, हेमावतीनं, पूजा उरकली होती. हार नीट बसेना म्हणून तिथं पडलेल्या पान्यानं वरचं चाक जरासं फिरवलंही होतं.

श्रीवत्स पायरीवर बसला तो उठेचना. डोळ्यांपुढे गुजरीवाल्याचा तराजू. हेमावतीनं चष्मा लावून इंजिनात डोकं घातलं.

"अहो, तुम्ही आधी हळद लावली होती?"

"इंजिनाला हळद कोण लावतं?"

"आपल्या घरातल्या बायका लावतात. ज्या कुंकवाखाली पिवळं नाही, ते तुमचं."

पुसत पुसत चारी ठिपके सापडले. खुणा जुळल्या, नवा बेल्ट चढला, हातानं दोन फेरे फिरवले तरी कुठं अडलं नाही. किल्ली दिली तशी गाडी आजोबांसारखी खोकली, भस्सकन लाल धूर सोडला आणि समोरची भिंत कुंकवानं न्हाली! दसऱ्याला ती केलगेरीच्या दारात उभी. बाळाचार्यांनी गाडीची कागदपत्रं जावयाच्या हातात दिली आणि हळूच विचारलं, "अरे, बॉनेटातून हळदीचा वास कसा येतोय?"

लाल धूर खराच, बरं का. पदरची घातलेली गोष्ट एकच. ती पूजा हेमावतीनं केली नव्हती. ती बिचारी आत पोळ्या लाटत होती, आळ मात्र तिनं मुकाट्यानं घेतला. केली ती तिच्या सासूनं. म्हणजे... मीच.

चहा तेवढा बंद करू नका.