डोमाभाऊ आधी नखं बघतात

डोमाभाऊंना नमस्कार करायची सोय नव्हती. आपण हात जोडले की ते जोडलेले हात धरत आणि म्हणत, "असे नाई. नखाले नख लावा." दोन्ही हातांची तीच बोटं पाठीला पाठ लावून नखं भिडवली की नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. डोमाभाऊ ती उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघत. "खिडकी हाये. जा आता." झाला नमस्कार.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी वरोऱ्याहून पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात शिक्षिका म्हणून आले. बसमधून उतरते न उतरते तोच एका अनोळखी माणसाने माझी बोटं मागितली. मी असली तडकले! मग कळलं, हे सरकारी दवाखान्यातले ड्रेसर, आणि माझे सख्खे शेजारी. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं हे त्यांचं काम. नखं हा त्यांचा नाद. एका जुन्या डॉक्टरांनी शिकवला होता आणि ते बदलून गेले तरी हा काही गेला नाही.

"छातीत नाई तं काळजात जुनं दुखनं असलं की बोटाचं टोक फुगते," ते मला समजावत. "नख घड्याळाच्या काचेवानी गोल होते, खिडकी बुजते."

"म्हणजे खिडकी बुजली की माणूस संपला?"

"नाई वो बाई! एखाद्याच्या खानदानातच तशी बोटं असते, काई होत नाई. पन छातीचा फोटो काढून पाहा लागते."

एकदा शेजाऱ्यांनी त्यांना वडीलधारे म्हणून मुलीसाठी स्थळ पाहायला नेलं. मुलाचं शिक्षण, शेती विचारायचं राहिलं बाजूला, यांनी तिथे घरभर सगळ्यांच्या खिडक्या तपासल्या. मुलाची उत्तम निघाली. मुलाच्या मामांची पार बुजलेली. मामा ताटावरून उठले, सोयरीक मोडल्यात जमा. पण महिन्याने तेच मामा गुपचूप चंद्रपूरला फोटो काढून आले, छातीचं औषध सुरू झालं आणि लग्नात सगळ्यात पुढे नाचले.

गावाने मात्र यातून भलताच धडा घेतला. नखाला नख लावलं की खोकला जातो, असा म्हाताऱ्यांचा समज झाला. दवाखान्यावरून जाताना म्हाताऱ्या मारुतीच्या देवळासमोर थांबावं तशा थांबत, नखं भिडवत, डोळे मिटत आणि औषध न घेता घरी जात. डोमाभाऊ मागे धावत, "अवो बाई, हे औषद नोय, हे पाहाचं असते!" त्यांना वाटे, भाऊ आशीर्वाद देत आहेत.

दुसरा नाद पायांचा. कुठेही बाळ जन्मलं की हे हजर. बाळाचं तोंड बघायचं भान नाही, दुपटं वर करून आधी पाय, वाकडे तर नाहीत ना ते. नखांचं आणि पायांचं हे दुखणं, दोन्हींची इंग्रजी नावं, क्लबिंग आणि क्लबफूट, सख्ख्या भावांसारखी आहेत, पण नातं काडीचं नाही. एक मोठेपणी आतल्या आजाराने येतं, दुसरं जन्मतःच असतं.

आमच्या मागच्या घरातल्या वच्छलाला पहिली मुलगी झाली. उजवं पाऊल आत वळलेलं, तळवा वर. सासूने लगेच निकाल दिला, हे ग्रहणामुळे, "गरनात विळीवर बसली होती. मी सांगून राह्यली होती." वच्छला भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळाला दूधही ती चोरासारखी पाजत होती.

डोमाभाऊंनी अंगठ्याने तो पाय हळूच सरळ करून पाहिला. "पोटात अडचनीत बसलेल्या पोराचा पाय असा हातानं सीधा होते. हा होत नाई. पलस्तर लागते, अन् आताच, नरम हाय तोवर."

"गरनाचं पलस्तरानं जाते काय?" सासू म्हणाली.

"काऊन होते ते डॉक्टरलेबी पुरतं मालूम नाई. पन विळीनं होत नाई, हे पक्कं." मग ते वच्छलाकडे वळले. "पोरी, तुई चूक नाई."

सासू हटली नाही. मग डोमाभाऊंनी युद्ध पुकारलं. रोज दवाखाना सुटला की तिच्या ओसरीवर येऊन बसायचे आणि चहा आला की कप सरकवून द्यायचे. आमच्याकडे आलेल्या माणसाने चहा नाकारला म्हणजे घराची अब्रूच गेली! चौथ्या दिवशी शेजारणी कुजबुजू लागल्या. पाचव्या दिवशी सासू रडकुंडीला आली. "न्या बावा पोरीले, पन माह्या घरचा चाय प्या!" ते दोन कप प्याले.

मग दर आठवड्याला चंद्रपूरची बस. जुनं पलस्तर काढायचं, पाय थोडा आणखी वळवायचा, नवं घालायचं. गर्दीत डोमाभाऊ बाळ डोक्याच्या वर धरून उभे राहत आणि कंडक्टरलाच दटावत. पुढे लाकडी पट्टीचे बूट आले. वर्ष उलटलं आणि एका सकाळी त्या पोरीने आमच्या अंगणात दोन्ही तळवे सपाट टेकले. वच्छलाने विचारलं, "भाऊ, खरंच माही चूक नव्हती न?"

"नव्हती," ते म्हणाले, आणि त्या सपाट तळव्यांशेजारी उकिडवे बसले. "माह्या बायकोचीबी नव्हती."

त्यांना बायको आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तिलाही अशीच मुलगी झाली होती. तेव्हा त्यांनीच तिला म्हटलं होतं, तू ग्रहणात सुपारी कातरली म्हणून झालं. ती मुलीला घेऊन मूल गावी भावाकडे गेली. पुढे त्या जुन्या डॉक्टरांनी खरं शिकवलं, तोवर मुलगी त्याच पायाने शाळेत जाऊ लागली होती.

"मग सांगायला का नाही गेलात?" मी अक्षरशः ओरडले.

"कोनत्या तोंडानं जाऊ, बाई?"

मला इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं की रविवारी मीच त्यांना बसमध्ये बसवलं. इस्त्रीचा सदरा घातलेले डोमाभाऊ मी पहिल्यांदा पाहिले. संध्याकाळी त्याच बसने परतले. मी थांब्यावरच होते.

"भेटल्या?"

"भेटली."

"सांगितलं?"

"सांगतलं. तुई चूक नव्हती म्हनून."

"मग काय म्हणाल्या?"

डोमाभाऊ थांब्याच्या दगडावर बसले. "म्हने, 'मले तं पयल्या दिवशीच मालूम होतं. तुमाले कधी समजते, त्याचीच वाट पाहून राह्यली होती.'"