मैनाबाईचं नाव

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून जागेश्वररावांना सगळं जग दुपारच्या झोपेतून नुकतं उठल्यासारखं दिसे. हातमाग दिसे, गाय दिसे, पाण्याचा लोटा दिसे. नावं तेवढी कापसाच्या तंतूंसारखी वर तरंगत राहत आणि धरायला जावं तर आणखी वर जात. शहरात सदर भागातल्या एका दवाखान्यात प्रेमिलाताई त्यांना चित्रं दाखवून पुन्हा बोलायला शिकवत होती.

एके दिवशी चित्रं बाजूला ठेवून तिने त्यांच्या बायकोलाच, मैनाबाईला, पुढे बसवलं. "काका, ह्या कोण? नाव सांगा."

जागेश्वरराव लाजून खिडकीबाहेर बघू लागले. लग्नातला उखाणा सोडला तर बायकोचं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. "अवं, आयकून राहिली काय?" एवढ्यावर संसार झाला होता. पण आपल्या नवऱ्याला चारचौघांत खुशाल मधुकर म्हणणाऱ्या प्रेमिलाताईला हे कुठून सुचणार?

"बायकोला विसरलेत," ती हळूच म्हणाली.

मैनाबाईच्या डोळ्यांना धार लागली. "माग इसरले असते तं चाललं असतं, बाई. मलेच काहून इसरले?"

जागेश्वररावांचा जीव तुटला. सांगायचं खूप होतं; तोंडून "हं, हं" एवढंच निघालं.

संध्याकाळपर्यंत बातमी विणकरांच्या गल्लीभर झाली. एकेक बाई येऊन समोर उभी राहू लागली. "भाऊजी, मले ओळखलं काय?" जागेश्वरराव भल्या मनाने प्रत्येकीला मान डोलवत. सगळी गल्ली ओळखतात, एक बायकोच तेवढी नाही, हे सिद्ध व्हायला मग वेळ लागला नाही. मैनाबाई चुलीपुढे बसून हुंदके देऊ लागली.

शेजारची बायजाबाई त्यांच्या लग्नातली करवली. ती म्हणाली, "तुमची दवाखान्यातली बाई म्हनते नं, चालीत म्हनलेलं लवकर आठवते? थांब वं, रडू नको." आणि तिने जागेश्वररावांचा तो जुना उखाणा सुरू केला, "हिरव्या लुगड्याच्या पदरावर मोर..."

"मैनाचं नाव घेतो सासूबाईसमोर," जागेश्वरराव घडाघडा म्हणाले आणि स्वतःच दचकले.

मैनाबाई रडता रडता हसली. खरी पंचाईत पुढेच होती, कारण उखाण्यातला तेवढा एकच शब्द त्यांच्या हाती राहिला. चहा हवा, "मैना." ट्रान्झिस्टर हवा, "मैना." दारात दूधवाला आला, तर त्यालाही "मैना."

"हळू बोला नं," मैनाबाई पदर तोंडाशी धरून म्हणे, "गल्ली आयकून राहिली."

दसऱ्याच्या सुमारास एका दुपारी त्यांना अचानक खरा शब्द सापडला. "पाणी," ते स्पष्ट म्हणाले.

मैनाबाई तांदूळ निवडत राहिली.

"पाणी," ते जरा मोठ्याने म्हणाले.

"काय म्हनता, मले नाही समजत," सुपावरची नजर न काढता ती म्हणाली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

जागेश्वरराव तिच्याकडे बघत राहिले. अंगणात ऊन पेंगत होतं. मग त्यांनी सावकाश हाक मारली, "मैना."

लोटा भरून लगेच आला. दुसऱ्या दिवसापासून जागेश्वररावांची प्रगती एकाएकी मंदावली, आणि प्रेमिलाताईला त्याचं कारण काही केल्या कळलं नाही.