साळुंकीच्या गाण्याचं पीस

एका जंगलात एक साळुंकी राहत होती आणि ती फार सुरेख गायची. बाळांनो, नीट मांडी घालून बसा. ज्यांना चाळिशीचा चष्मा लागलाय त्यांनीही बसा, गोष्ट तुमच्याचसाठी आहे.

साळुंकीची दोन पिल्लं ढोलीत होती. त्यांना सारखी भूक लागायची. आईचं गाणं ऐकून ती भागत नसे, कारण पिल्लं अजून रसिक झाली नव्हती.

आधी तिचं बरं चाललं होतं. जंगलात एक म्हातारा गवा होता. साळुंकी त्याच्या पाठीवर बसे, गोचीड टिपे, पिल्लांना नेऊन भरवी आणि येता-जाता गाई. गवा रवंथ थांबवून ऐकायचा. गव्यानं रवंथ थांबवणं म्हणजे काय, ते ज्यानं गवा पाहिलाय त्यालाच कळेल.

पण चारचौघं बोलू लागली. "गळा एवढा गोड, आणि बसतेस कुठे? गव्याच्या पाठीवर?" साळुंकीला ते लागलं. ती वडावर गायला गेली.

वडाची मोठी फांदी वानरांच्या ताब्यात होती. ज्याला गायचं त्यानं तिथं बसून गायचं. ऐकणाऱ्यांनी उंबरं द्यायची ती वानरांच्या हातात. वानरं उंबरं खात आणि देठ गायकाला देत.

"देठ कमी पडत असतील तर जास्त गा," वानरांचा म्होरक्या सांगे.

साळुंकी घसा बसेपर्यंत गायली. पिल्लांना देठ चावेनात.

अशा वेळी तिथं खोकड आला. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊबंद. गोष्टींमधून कोल्ह्याचं नाव खराब झाल्यापासून असली कामं खोकडच बघतो.

"बाई, तुमच्या जिवावर ही वानरं गब्बर झाली," खोकड म्हणाला. "त्यांना मधून काढा. गाणं थेट विका."

"विकणार कसं? ते तर हवेत जातं."

खोकडानं मोराचं एक पीस पुढे केलं. "हे तुमच्या गाण्याचं पीस. जो हे घेईल तो गाण्याचा मालक."

"म्हणजे गाणं फक्त त्यालाच ऐकू येणार?"

"छे! ऐकू सगळ्यांना येणार. फुकट."

"मग मालकाला काय मिळणार?"

"मालकी."

साळुंकीला काही कळलं नाही. पण खोकड इतक्या खात्रीनं बोलला की न कळल्याची तिलाच लाज वाटली. बाळांनो, मोठ्या माणसांचे बरेचसे व्यवहार याच लाजेवर चालतात.

"आणि कुणी दुसरंच पीस आणून हेच खरं म्हणाला तर?" तिनं विचारलं.

"पोपट कशाला आहेत?"

समोरच्या सावरीवर पोपटांचा थवा बसला होता. कुठलंही पीस विकलं की त्यांच्यापुढे येऊन तसं सांगायचं. सगळे पोपट ते पाठ करणार आणि दिवसभर घोकणार. एखादा खोटं बोलला तर बाकीचे त्याला टोचून काढणार. एवढ्या पाठांतराला पेरू फार लागत. जंगलातल्या पेरूच्या झाडांची त्यात पार वाट लागली होती, पण विश्वास म्हटला की खर्च आलाच.

"आणि पीस जितक्यांदा विकलं जाईल," खोकड म्हणाला, "तितक्यांदा त्यातला दहावा हिस्सा तुमचा. बसल्या जागी! फक्त एक पथ्य पाळा. त्या गव्याच्या पाठीवर पुन्हा दिसू नका. गोचीड टिपणारी गायिका म्हटलं की भाव पडतो."

साळुंकीनं पथ्य पाळलं.

पीस पहिल्यांदा सशानं घेतलं. त्यानं ते दुपारीच रानडुकराला विकलं. रानडुकरानं साळिंदराला विकलं. सगळ्या जंगलात 'हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे' असा प्रकार झाला. लांडगाही त्या रांगेत होता, हे विशेष.

प्रत्येक वेळी साळुंकीच्या ढोलीत उंबरं येऊन पडत. पिल्लं गुबगुबीत झाली. साळुंकीनं खोकडाला मनोमन हात जोडले. तिनं एकदा हौसेनं रानडुकराला विचारलं, "कसं वाटतं हो माझं गाणं?"

"वर चाललंय," रानडुक्कर म्हणालं.

आणि मग ते पीस गव्यानं घेतलं.

त्यासाठी म्हातारा दिवस-दिवस उंबराच्या झाडाला धडका देत होता. शिंगं दुखून आली, तेव्हा कुठे पुरेशी उंबरं पडली. पीस घेऊन तो आपल्या डबक्याकाठी गेला आणि तिथंच राहिला. एक आठवडा गेला. दुसरा गेला. पीस काही बाजारात येईना, आणि ढोलीत उंबरं येईनात.

साळुंकी डबक्यावर गेली. जवळच्या करवंदीवर बसली, पाठीवर नाही.

"दादा, पीस विकणार कधी?"

"इकू? कशाला?" गवा म्हणाला. "मला आवडतंय की तुजं गाणं. मी न्हाई इकणार. मरंपतोर न्हाई."

स्तुती ऐकून साळुंकीला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

तिनं खोकडाला गाठलं. खोकड डोक्याला हात लावून बसला. "घात झाला, बाई. खरा रसिक लागला. धंद्याला वाळवी बरी!" मग त्याला युक्ती सुचली. "तुम्ही वाईट गा. कंटाळून विकेल."

साळुंकी वाईट गायली. मुद्दाम बेसूर गायली. मधेच खोकली.

"आज लई हळवं झालंय," गव्यानं डोळे पुसून सांगितलं.

इकडे गवा विकत नाही म्हटल्यावर पिसाचा भाव आभाळाला भिडला. जे विकायला नाही तेच हवं, ही खोड जनावरांतही असते. तरसानं अख्ख्या उंबराची सगळी फळं देऊ केली. गवा मान हलवून नको म्हणाला.

साळुंकी रोज त्या फळांचा दहावा हिस्सा मनात मोजायची आणि रिकाम्या ढोलीत परतायची. लहान पिल्लू आता चोचही उघडत नव्हतं. जंगलात तिच्या गाण्यावर जीव टाकणारा तो एकटा होता, आणि तिला त्याचाच राग येत होता. त्या रागाची तिला शरमही वाटत होती. शेवटी ती डबक्यावर गेली आणि रडली.

"दादा, तुम्ही विकल्याशिवाय मला काही मिळत नाही. पिल्लं उपाशी आहेत."

गव्यानं रवंथ थांबवला.

"आगं पोरी, हे आधी सांगायचंस न्हाई व्हय?"

तो तसाच उठला. पोपटांपुढे जाऊन म्हणाला, "हे पीस मी इकतोय."

थव्यानं ते लगेच घोकलं. मग एकच कुजबुज उठली. गवा विकतोय? म्हणजे गाण्यातच काहीतरी खोट असणार! जंगलात ते गाणं ऐकणारा तो एकटा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाच नको, तर आपल्याला कशाला? तरस आल्या पावली परत गेलं. ससा तर दिसेनासाच झाला.

शेवटी एका मुंगसानं ते पीस एका उंबराला घेतलं. त्याला कान खाजवायला काहीतरी हवंच होतं.

एका उंबराचा दहावा हिस्सा म्हणजे देठ. पोपटांनी तो साळुंकीच्या हवाली केला आणि पाठांतराला लागले.

देठ चोचीत धरून ती बसून राहिली. गवा झाडाखाली येऊन उभा राहिला.

"पाठीला गोचिडांनी फोडून काढलंय," तो म्हणाला. "आता तुजा भाव पडायचा ऱ्हायलेला न्हाई. बसतीस का?"

साळुंकी पाठीवर उतरली. गोचीड टम्म फुगले होते. तिनं टिपले, ढोलीत नेले, परत आली, पुन्हा नेले. मोठं पिल्लू आधी ओरडलं. बऱ्याच वेळानं लहानगंही ओरडलं. तेव्हा ती शिंगावर बसली आणि गायली.

"पण दादा, पीस तर गेलं तुमचं," ती म्हणाली.

"कान हाईत की," गवा म्हणाला. "गा."

झुडपाआड खोकड बसला होता. गव्याची पाठ तो डोळे बारीक करून न्याहाळत होता. एवढी रुंद पाठ! तिच्या मालकीची किती पिसं विकता येतील?

तात्पर्य : कलावंतानं खऱ्या रसिकापासून जपून राहावं. तो गाणं विकत घेतो आणि खुशाल ऐकत बसतो, त्यानं बाजार बुडतो. मग पोटाला लागणारं अन्न तेवढं मिळतं, श्रीमंती हुकते ती हुकतेच.