इंजिन बंद करा, जावईबापू

सुताराने व्हॅनमध्ये इन्व्हर्टर बसवला आणि त्या दिवसापासून त्याला आकाश ठेंगणं झालं. गाडीच्या बॅटरीवर घरच्यासारखी वीज! घासागणिक तो तेच सांगायचा. "मला डोंगरावर नेऊन सोडा, तिथे कपाट करून देतो." डोंगरावर कपाट कुणाला लागतं, असं बायकोने विचारलं, तर म्हणाला, प्रश्न तत्त्वाचा आहे.

खरा प्रश्न सासऱ्यांचा होता. सासरे म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जावयाच्या हातच्या एकाही वस्तूला त्यांनी चांगलं म्हटलं नव्हतं. टेबल दिलं, तर ते हलवून बघितलं आणि एका पायाखाली कागदाची घडी सरकवली. कपाट दिलं, तर दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि "हं" म्हणाले. त्या एका "हं"वर सुतार आठवडाभर झुरला. बाकी सगळे त्याच्या कामाची तारीफ करत, पण याला शाबासकी हवी होती ती नेमकी न देणाऱ्याची.

मास्तरांना पक्ष्यांचा भारी नाद. हल्ली गुडघ्यांमुळे जमिनीवर बसवेना, म्हणून त्यांचं तळ्यावर जाणं सुटलं होतं. सुताराने बेत ठरवला. सगळ्यांनी तळ्याकाठी तंबू ठोकून राहायचं आणि तिथल्या तिथे, मास्तरांच्या गुडघ्यांच्या मापाने, एक बाक करून द्यायचा. मग बघू कसे "हं" म्हणतात ते.

इन्व्हर्टर विकणाऱ्याने बजावलं होतं की हत्यारं चालवताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी बसेल. सुताराने ते पक्कं ध्यानात ठेवलं होतं. पण तळ्याजवळच्या टेकाडावर व्हॅन उभी राहते न राहते तोच मास्तर म्हणाले, "इंजिन बंद करा, जावईबापू. पाखरं बुजतात." सासऱ्यांचा शब्द आणि जावयाचा हात यांच्यामध्ये विचाराला जागा नसायची. किल्ली फिरली.

त्या रात्री तंबूत दिवा जळला, पंखा फिरला. सकाळी बायकोने सगळ्यांचे फोन चार्जिंगला लावले. दुपारी सुताराने फळ्या काढल्या आणि भीत भीत विचारलं, आता इंजिन चालू करू का? मास्तरांनी नियम सांगितला. करवत चालेल, ती अधूनमधून थांबते तरी. इंजिनाची घरघर मात्र अजिबात नको. यातलं गणित सुताराला कळलं नाही, पण मास्तरांशी गणितावरून वाद कोण घालणार?

करवत चालली, ड्रिल चाललं, घासायचं मशीन चाललं. बाक उभा राहिला. मास्तर त्यावर बसले. पुढे सरकले, मागे रेलले, डावीकडे झुकले. सुतार श्वास रोखून उभा. मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कुठूनसं आलं, "टीं... टीं... टीं..."

मास्तरांचा हात वर गेला. वर्गात जावा तसाच. सगळे चिडीचूप. टेकाडाकडून तो बारीक आवाज काही वेळ येत राहिला, मग एक लांब सूर निघाला आणि थांबला.

"उडाला," मास्तर हळहळले.

"ही किटली का बंद पडली?" व्हॅनच्या मागच्या दाराशी उभ्या सासूबाई म्हणाल्या. त्यांनी नुकतीच विजेची किटली चहासाठी लावली होती.

थोड्या वेळाने किटलीचा दिवा आपोआप लागला आणि पक्षीही परत आला. पुन्हा लांब सूर, पुन्हा शांतता, पुन्हा पाणी गार. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मास्तरांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "इतकी वर्षं येतोय इथे, पण हा आवाज कधी ऐकला नव्हता. तुमच्यामुळे ऐकायला मिळाला."

सुताराला भरून आलं. डोळे पुसायला त्याने मान वळवली आणि नेमका किटलीचा दिवा विझताना दिसला. दिवा लागला की पक्षी ओरडतो, पक्षी गप्प झाला की दिवा विझलेला असतो. इन्व्हर्टर पुढच्या सीटखाली होता, वर चादरींचा ढीग. बॅटरी बसत आल्याची ती इन्व्हर्टरची बोंब होती. पण सांगणार कसं? शाबासकी उभ्या जन्मात एकदाच मिळालेली. त्याने गुपचूप जाऊन किटलीची पिन काढली. सासूबाईंनी ती तितक्याच गुपचूप पुन्हा लावली. त्यांना चहा हवा होता.

निघताना व्हॅन "खट्" म्हणाली आणि थांबली. सगळे उतरले. मास्तर पक्ष्याच्या आनंदात इतके मग्न की गुडघे विसरून धक्का मारत होते. टेकाडाच्या उतारावर गाडीने दोन आचके दिले आणि सुरू झाली. आता घर येईपर्यंत इंजिन बंद होणार नाही, असं सुताराने ओरडून जाहीर केलं. सगळे धावतपळत आत बसले. चहा राहिला तो राहिलाच, म्हणत सासूबाईंनी किटलीचं बटण दाबलं.

"टीं... टीं..."

मास्तरांचा हात वर गेला. मग नजर खाली गेली. मग त्यांनी वाकून चादरी बाजूला केल्या आणि सीटखालचा लाल दिवा बराच वेळ पाहिला. सुताराने समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता सगळं कबूल केलं.

"पक्षी खोटा निघाला," मास्तर शेवटी म्हणाले. "बाक मात्र चांगला झालाय."

चांगला! सुताराला वाटलं, स्टिअरिंग सोडून त्यांचे पाय धरावेत. त्याने कौतुकाने आरशात मागे पाहिलं. मागे बायको होती, सासूबाई होत्या, तंबू होता, किटली होती. बाक नव्हता. धक्का मारायच्या गडबडीत तो तळ्याकाठीच राहिला होता.

व्हॅन वळली. मास्तरांच्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून सुताराने ती थेट टेकाडाखाली, पाण्याच्या काठापर्यंत नेली, इंजिन चालू ठेवून. मास्तर उतरले, बाकावर बसले आणि कडेवरून सावकाश हात फिरवला. "खरंच चांगला झालाय हो," पुन्हा म्हणाले. तेवढ्यात समोरच्या वेळूवर एक निळा पक्षी येऊन बसला. खराखुरा, पंखांचा. मास्तरांनी बोट ओठांवर ठेवलं.

"इंजिन बंद करा, जावईबापू."

सुताराने बंद केलं.

कशी छान शांतता पसरली. सगळे त्या पक्ष्याकडे बघत होते. एकटा सुतार तेवढा मागे वळून टेकाडाचा चढ बघत होता.