दिनकर, दहा मिनिटं लेट

लोणारात सुखदेवच्या अंगणात कुणी पाय ठेवला, की तो आधी घड्याळाकडे पाहतो आणि मग माणसाकडे. बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्याची हयात गेली. निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, नोंद सुटली नाही. आता ती मोबाइलमधल्या नोंदवहीच्या अ‍ॅपमध्ये होते. दूधवाला उशिरा आला, तर ‘दूध लेट’. आलाच नाही, तर ‘दूध रद्द’. एकदा मला दिलेल्या पोह्यांत मीठ नव्हतं. त्याचीही नोंद आहे: ‘मीठ रद्द.’

वाद झाला की म्हणायचा, “थांब बे मास्तर, नोंद काढतो.” मग तो शब्द टाकून शोधायला लागायचा. “पाह्य, चाक फिरून राह्यलं.” ते फिरतच राहायचं, चहा गार व्हायचा आणि शेवटी अ‍ॅपच बंद पडायचं. तोवर वाद कशावरून होता, हे दोघंही विसरलेले. यापेक्षा मेहकरची गाडी बरी, म्हणायचा. ढकलली तर चालू तरी व्हायची.

मी शाळेत संगणक शिकवायचो, म्हणून दुरुस्ती माझ्याकडे आली. फोन बंद करून चालू केला, अ‍ॅप अपडेट केलं, सुप्रभातचे ढीगभर फोटो काढून टाकले. फरक शून्य. मग नोंदीच उघडल्या. हजारो होत्या आणि त्यांतल्या निम्म्या एकाच धाटणीच्या: ‘दिनकर आला. दहा मिनिटं लेट.’ दिनकर म्हणजे मी. वर्षानुवर्षं रोज सकाळी चहाला गेलो, त्या प्रत्येक दिवसाची वेगळी नोंद. मला वाटलं, हाच कचरा. तो चहा टाकायला आत गेला, तेवढ्यात सगळ्या पुसल्या. शोध विजेसारखा धावू लागला.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, “माह्या जुन्या नोंदी कुठी गेल्या?” अ‍ॅप बिघडलं असेल, असं मी बोलून गेलो. त्यानं लगेच लिहिलं: ‘अ‍ॅप बिघडलं. दिनकरनं सांगितलं.’ गल्लीत अजून त्या अ‍ॅपला नावं ठेवतात. त्याचा दोष नव्हता, म्हणून हे लिहितो.

त्यानंतर मला तिकडे जाववेना. गुडघा दुखतो, असा निरोप धाडला. त्याची बायको गेल्यापासून तिथं बसायला माझ्याशिवाय कुणी जात नाही, हे ठाऊक होतं. तरी गेलो नाही.

विसाव्या दिवशी गेलो. उभ्याउभ्याच सांगितलं, “अ‍ॅप नाही बिघडलं. नोंदी मीच पुसल्या.”

त्यानं फोन उचलला. मग माझी खोटी नोंद काढली. पुसली नाही, नियंत्रक नोंद पुसत नाही. खाली लिहिलं: ‘वरची नोंद चुकीची.’ नंतर माझं नाव शोधलं. यादी क्षणात आली. ‘दिनकर लेट.’ ‘दिनकर लेट.’ रोजची एक, अशा एकोणीस ओळी.

“रद्द काऊन नाही लिहिलं?” मी विचारलं.

“तू येणारच होता ना बे,” तो म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला. जाताना फोन माझ्याजवळच ठेवून गेला.