झुंबरभाऊंकडे पांढरं कापड मिळत नाही

झुंबरभाऊंना राग आला की ते गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवतात, पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करतात, डोळे वटारतात आणि लांबलचक 'शूऽऽऽ' करतात. धुळ्याच्या भर बाजारात, कापडाच्या दुकानात, हातात मीटरपट्टी धरून. नवीन बाईला वाटतं, शेठ मांजर हाकलताहेत. जुन्या बाया शांतपणे थांबतात. 'शू' संपला की भाऊ वळतात, गोड हसतात आणि पहिल्या भावालाच कापड फाडतात.

भाऊंचा पुतण्या मोबाइलची कव्हरं आणायला चीनला जातो. त्यानं एकदा भिंतीवर लावायचा तक्ता आणला. चीगोंग नावाच्या तिकडच्या जुन्या व्यायामाचा. अक्षरं सगळी चिनी. भाऊंनी तक्त्यासमोर फोन धरून एकेक चौकोन मराठीत करून घेतला आणि मग अख्खं धुळं त्यात कोंबलं. शरीरातल्या प्रत्येक अवयवाला एक दिशा, एक रंग, एक चव, एक भावना आणि श्वास सोडताना काढायचा एक आवाज. राग राहतो यकृतात. त्याचा रंग हिरवा, दिशा पूर्व, चव आंबट, आवाज 'शू'. भीती मूत्रपिंडात, ती काळी, उत्तरेची, खारट. दुकानातल्या फळ्या त्याच हिशेबानं लागल्या. हिरवे तागे पूर्वेला, लाल दक्षिणेला, काळे-निळे उत्तरेला आणि पिवळे मधोमध, गादीवर.

एकदा एक अक्का पिवळं ब्लाउजपीस मागत होत्या. भाऊंनी त्यांना निरखून पाहिलं.

"कसानी काळजी शे अक्का?"

"पोरीनं जमत नही ना भाऊ कुठे."

"मंग पिवळं नको. पिवळं म्हणजे माती, तिच्यात काळजी. हिरवं न्या. हिरवं म्हणजे लाकूड, ते मातीले धरी ठेवस."

आणि अक्कांनी हिरवं नेलं! पोरीच्या लग्नाचा कापडाच्या रंगाशी काय संबंध? मी पत्रकं वाटणाऱ्या पोरापोरींपैकी आहे. नळाला पाणी का येत नाही इथपासून अंगात येणं म्हणजे काय इथपर्यंत सगळ्यावर आम्ही पत्रकं काढलीत. रंगानं मूत्रपिंड बरं होत नाही, डॉक्टरकडे जा, हेही कुणीतरी ठणकावून सांगायला हवं. मी ते भाऊंना दुकानात उभं राहून सांगितलं.

"तुना सेनापती तापेल शे," भाऊ म्हणाले. तक्त्यात यकृताला सेनापतीचा हुद्दा आहे. "लिंबू चोख."

पाणी-मोर्चाच्या फलकासाठी मी पांढरं कापड मागायला गेले तेव्हा कळलं की ते भाऊंकडे नाही. पश्चिमेची फळी रिकामी. अहो, खान्देशात कापडाचं दुकान आणि पांढरं नाही? धोतर नाही, लेंग्याचं कापड नाही, शाळेच्या शर्टाचं नाही! "समोरच्या दुकानात मिळी," एवढंच म्हणाले आणि खोकायला लागले. तो खोकला साधा नव्हता. खोकता खोकता त्यांना गादीवर बसावं लागलं.

बाहेर पडताना त्यांच्या सुनेनं, सपनाभाभीनं, मला गाठलं. "डॉक्टर सांगून थकले. म्हणतात, फुप्फुसात हवा अडकून राहते, पप्पाजी श्वास पुरा सोडतच नाहीत. ओठांचा चंबू करून हळूहळू फुंकायचा व्यायाम दिलाय, तो करत नाहीत. तुम्ही सांगा ना. तुमच्याशी भांडतात म्हणजे तुमचं ऐकतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या गच्चीवर गेले. भाऊंचं चालू होतं. पूर्वेला 'शू'. दक्षिणेला 'हाऽऽ'. मग तक्त्यातली अस्वलाची चाल चालायची होती. अस्वल कधी पाहिलेलं नाही म्हणून ते म्हशीसारखे चालले, आणि चांगलं चालले. उत्तरेचं झालं. मग टॉवेल उचलून जिन्याकडे निघाले.

मी जिन्याच्या दारात आडवी उभी राहिले. "पश्चिम राहिली."

"राहू दे."

"फुप्फुसाची दिशा कुठली, भाऊ? मी पण वाचलाय तुमचा तक्ता. पश्चिम. रंग पांढरा. चव तिखट. 'सऽऽ' करून श्वास बाहेर सोडायचा. तुमचा डॉक्टर तेच सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टर आणि चिनी तक्ता एकच सांगताहेत, आणि तुम्ही दोघांचंही ऐकत नाही. हा काय प्रकार आहे?"

भाऊ टाकीच्या कठड्यावर बसले. "त्या चौकोनात भावना कोणती लिहेल शे?"

मला आठवत होतं. दुःख.

"कंचन गयी," ते म्हणाले. कंचनबाई त्यांची बायको. "तेराव्यानंतर साड्या बहिणींनी वाटून नेल्या. बरोबर शे, रीतच शे. दागिने सुनेले. कंचनचं जपाचं आसन धाकट्याकडे गयं. कुणी इचारलं नही, झुंबर, तुले काय? मना वाट्याले हे आलं." त्यांनी छातीवर हात ठेवला. "आणि तुम्ही बठ्ठा, डॉक्टर, सून, तू, म्हणतस, सोड. सोडू आणि घरात बसू कोणासंगे?"

फुप्फुसात दुःख नसतं, हवा असते. हे मी शाळांतून ओरडून सांगितलंय. तिथं, त्या गच्चीवर, ते तोंडाबाहेर पडेना.

"सगळं सोडू नका," मी म्हटलं. "थोडं सोडा. खोकला कमी होईल तेवढं."

"थोडं जमस?"

"डॉक्टर हळूहळूच म्हणतात."

त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. मग उठले, पश्चिमेकडे वळले, दोन्ही हात वर नेले. दात मिटले. 'सऽऽऽ' निघाला, बारीक, कापरा. खांदे हळूहळू खाली यायला लागले. अर्ध्यावर त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि तळहात छातीवर दाबला. तसेच उभे राहिले.

"गयी नही ना?" त्यांनी विचारलं.

"नही भाऊ," मी म्हटलं. "शे."