हेलिकॉप्टर आणि शिवदाससाहेबांचं भाषण

हेलिकॉप्टरजवळ कुणाला येऊ द्यायचं नाही, एवढंच काम गुरुदासला दिलं होतं, आणि त्या एवढ्याशा कामाने तो दोन दिवसांत अर्धा झाला होता.

पेडणे तालुक्यातल्या त्या गावच्या डोंगरावर काजूच्या मोहोराला ढेकण्या कीड लागली होती. गोवा राज्य होऊन दीडच वर्ष झालं होतं. जे करायचं ते मोठं करायचं, अशी हवा होती. पणजीहून शेतीखात्याच्या शिवदाससाहेबांचा निरोप आला की औषध हेलिकॉप्टरने मारायचं. सोबत सूचना आल्या. विहिरी झाका, गुरं बांधून ठेवा, माणसांना लांब ठेवा, आणि हेलिकॉप्टरच्या शेपटीकडे तर चिटपाखरूही नको. जबाबदार कर्मचारी म्हणून नाव गुरुदासचं. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलेलं, गुडघे आधीच निवृत्त झालेले.

त्याने बाबलीच्या रिक्षावर कर्णा बांधला आणि गावभर सांगितलं, "उद्या सकाळी सात वाजता देवळामागच्या शेतात हेलिकॉप्टर उतरणार आहे. कुणीही तिकडे फिरकू नये."

सातला अख्खा गाव शेतात. शेजारच्या दोन गावांची माणसंही आली होती, आणि एक चणेवाला.

"फिरकू नका म्हणून सांगितलं होतं ना?" गुरुदास ओरडला.

"तां खरां," बाबली म्हणाला. "पण खंय फिरकूचां नाय, तां तुमीच सांगितलास मां! नायतर आमका कळलां असतां कसां?"

गर्दी मागे सारेपर्यंत वारा सुटला. वाऱ्यात औषध भलतीकडेच जाणार, म्हणून पायलट न फवारताच परत गेला.

दुसऱ्या दिवशी गुरुदासने दोरखंड बांधला. दोर असल्यामुळे लोक शिस्तीत रांगेने उभे राहिले; पुढच्या रांगेसाठी भांडणं तेवढी झाली. हेलिकॉप्टर उतरलं. पंखा फिरत ठेवूनच टाकीत औषध भरणं चाललं होतं. तेवढ्यात मागच्या बाजूने गावातल्या शांतावहिनी दोराखालून वाकून आत शिरल्या. हातात पदराआड धरलेली पेटलेली आरती, काखेत नारळ. थेट शेपटीच्या दिशेने.

शेपटीचा पंखा इतक्या वेगाने फिरतो की तो दिसतच नाही. गुरुदासला ते ठाऊक होतं. तो धावला. कसा धावला ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. त्याने वहिनींना कमरेला धरलं आणि दोघंही धुळीत कोसळली. नारळ घरंगळत गेला.

"मेल्या गुरुदासा! माका आडवी केलंस! आरती विझली मां!"

"वहिनी, तिथे पंखा आहे."

"खंय आसा? माका तर दिसणा नाय."

"दिसत नाही म्हणूनच. पण मागून कशाला आलात?"

"गावात पयल्यांदा असलां वाहन इलां. ओवाळूक नको? आणि समोरसून त्याच्या आडवां कसां जाऊचां?"

पायलटने इंजीन बंद केलं. शेपटीचा पंखा हळूहळू मंदावला, दिसू लागला, आणि थांबला. त्याचं खालचं पातं बरोबर वहिनींच्या गळ्याच्या उंचीवर होतं. त्यांनी गळ्याला हात लावला. मग त्या तिथेच बसून राहिल्या. गुरुदास घरंगळलेला नारळ शोधत राहिला.

"कल आखरी दिन है," पायलट म्हणाला. "एक भी आदमी दिखा, तो मैं उतरूँगा ही नहीं."

संध्याकाळी गुरुदास पायरीवर गुडघे चोळत बसला. नोकरीच्या एकतीस वर्षांत त्याने या गावात कितीतरी कार्यक्रम ठेवले होते. त्यातल्या कोणत्या कार्यक्रमाला लोक आलेच नव्हते, ते तो आठवू लागला. तो उठला आणि लंगडत बाबलीकडे गेला.

"कर्णा बांध. सांग, उद्या विहिरी झाकून, गुरं बांधून सर्वांनी सात वाजता शेतात यावं. आधी शिवदाससाहेबांचं 'काजू लागवडीच्या नव्या दिशा' या विषयावर भाषण. ते संपलं की हेलिकॉप्टर."

"भाषण कितको वेळ?"

"साहेब बोलतील तेवढा."

बाबलीचा चेहरा पडला. "माका उद्या म्हापशाक भाडां आसा," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी शेतात कुत्रंसुद्धा नव्हतं. विहिरी झाकलेल्या, गुरं गोठ्यात, दारं बंद. साडेआठपर्यंत अख्खा डोंगर फवारून झाला. पायलटने गुरुदासचा हात हातात घेऊन दाबला. "ऐसा समझदार गाँव पहली बार देखा," म्हणाला, आणि निघून गेला.

गुरुदास बांधावर टेकला. आता घरी जाऊन झोपायचं, एवढंच डोक्यात होतं. तोच जीप येऊन थांबली आणि शिवदाससाहेब उतरले. कडक इस्त्री, हातात कागदांचा जाड गठ्ठा.

"गुरुदास, भाषण ठेवलंस आणि मला कळवायचं नाही? पेडण्याच्या ऑफिसातून कुणीतरी फोन केला म्हणून बरं. बावीस पानं काढली आहेत." त्यांनी रिकाम्या शेतावरून नजर फिरवली. "लोक कुठे आहेत?"

"नुकतंच औषध मारलंय, साहेब. घरातच थांबायला सांगितलं."

"अगदी योग्य केलंस." साहेबांनी चष्मा लावला. "हरकत नाही. तू आहेस ना?"

गुरुदास खाली बसला.

चौथ्या पानावर पायवाटेने शांतावहिनी येताना दिसल्या. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेल्या गरम पोळ्या. गुरुदाससाठीच होतं सगळं. कालपासून त्याने धड खाल्लं नव्हतं. वहिनी बांधाशी पोचल्या, साहेबांच्या हातातले कागद पाहिले, आणि किटलीचा आवाजही न करता आल्या पावली माघारी वळल्या.